प्रत्येकी एक खण

“मले बी भेटन ना साहेब?” धुरपतानं विचारलं. रूपराव बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत भिंतीची ओल बोटानं चाचपत होते, ते तसेच चाचपत म्हणाले, “मिळेल की. प्रत्येकीला एक.” “अन् तो माहाच राहीन? कोणी वापस तं नाई मांगन?” “तुमचाच. परत कोण मागणार?” “दुसऱ्या कोणाचा हात तं नाई लागन ना त्याले?” आता मात्र रूपरावांनी मान वळवली. सूतगिरणीतल्या बायका स्टोअरकीपरशी बोलतात त्या पंखा बंद पडला, नळाला पाणी नाही, हातमोजे फाटले एवढ्यापुरत्या. आणि सुताच्या लड्या गुंडाळणाऱ्या खात्यातली ही धुरपता तर तेवढ्यापुरतीही नाही. चाळिशी ओलांडलेली, किरकोळ अंगाची, भुवयांवर कापसाची पिंज, कपाळ मोकळं. एवढे प्रश्न ती एका दमात विचारू शकते हेच त्यांना नवीन होतं. “कुणाचा हात नाही लागणार,” ते म्हणाले, आणि आपण जरा मोठ्यानं बोललो असं वाटून त्यांनी वर जोडलं, “राखाडी रंगाचा येईल. चालेल ना?” “रंगाचं काई नाई,” असं म्हणून धुरपता पदर सारखा करत खात्याकडे निघून गेली. रूपरावांनी पुन्हा टेपची पट्टी भिंतीला लावली. तेवढ्यात तिच्या मागोमाग उभी असलेली रुपा, गिरणीतली सगळ्यांत नवीन पोर, पुढं झाली आणि म्हणाली, “साहेब, पोलक्याचं माप जयवंताबाईपाशीच द्याचं का? मले बाही लांब लागते.” रूपरावांच्या हातातून पट्टी सुटली आणि सर्रकन टेपच्या डबीत परत गेली.

म्हणजे असं झालं होतं. गिरणीनं बायकांसाठी लॉकर घ्यायचे ठरवले होते, आणि ते घ्यायचं, बसवायचं काम रूपरावांच्या गळ्यात पडलं होतं. आता ‘लॉकर’ हा शब्द गिरणीच्या चौकीदारापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना कळतो. पण रूपरावांना तो चालत नव्हता. त्यांचं मराठीचं वेड गिरणीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे ते प्रेमानं सहन करत. स्टोअरच्या मांडणीवर त्यांनी स्वतःच्या सुबक अक्षरात ‘वंगण’, ‘चिकटपट्टी’, ‘विजेरी’ अशा चिठ्ठ्या लावल्या होत्या आणि सामान न्यायला आलेला माणूस त्या वाचून हमखास चुकीच्या डब्यात हात घालत असे. तर लॉकरला काय म्हणावं यावर त्यांनी एक अख्खी दुपार घालवली. पेटी म्हटलं की बाजाची पेटी आठवते, नाहीतर मतदानाची. कप्पा म्हणजे पाकिटाचा. मग एकदम त्यांना अल्लीपूरच्या शाळेतलं पुस्तकांचं कपाट आठवलं, त्याचे पाच-सहा खण, आणि मधल्या खणातून पुस्तक काढताना गुरुजी मान तिरपी करायचे ते. खण! असा घरचा, लहानसा, नीटनेटका शब्द असताना बाहेरचा कशाला आणायचा, असं म्हणून त्यांनी मजकूर तयार केला, आणि शिपाई कवडूनं जेवणाच्या सुट्टीत तो भोंग्यावरून वाचला: सर्व महिला कामगारांना प्रत्येकी एक खण देण्याचे योजिले असून मापाविषयी काही सांगावयाचे असल्यास जयवंताबाईंकडे सांगावे. संक्रांत तोंडावर आलेली. कवडूचा आवाज गोड. गिरणीतल्या बायकांनी ऐकलं ते असं की संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गिरणी प्रत्येकीला चोळीचा खण देते आहे, वर शिवूनसुद्धा देते आहे.

रुपाला काय उत्तर दिलं ते रूपरावांना नंतर आठवेना. ‘सांगतो’ असं काहीतरी पुटपुटून ते खोलीतच उभे राहिले. ही खोली त्यांना खरं तर आवडत असे. बायका कामावर असताना ती रिकामी असायची आणि तरी भरलेली वाटायची. भिंतीला लांबच लांब लाकडी पट्टी, तिला खिळे, आणि एकेका खिळ्याला तीन-तीन पिशव्या; वडनेरच्या ऑटोनं येणाऱ्यांच्या एकीकडे, अल्लीपूरच्या बसनं येणाऱ्यांच्या दुसरीकडे. यंत्रापाशी पदर लोंबता चालत नाही म्हणून बायका इथं चांगली साडी बदलून जुनी नेसत, वर गिरणीचा डगला घालत, आणि चांगली साडी पिशवीत कोंबत. संध्याकाळी ती काढली की तिच्यावर कापसाचा धुरळा, कुणाच्या तरी डब्यातलं वरण, आणि “कोणं ठेवला वं माह्या थैलीवर डब्बा?” असा दंगा. लॉकर हवेतच होते. रूपरावांनी सगळं मनात मांडून ठेवलं होतं: खाली पाय असलेले, म्हणजे फरशी धुता येईल, दाराला जाळी, म्हणजे भाकरीला वास लागणार नाही, वरून उतरतं छत, नाहीतर बायका डोक्यावर पुन्हा पिशव्यांचा डोंगर रचतील, आणि मागून भिंतीला पक्के बोल्ट. भिंत ओली होती म्हणून आधी ती बाजू सोडून उत्तरेची धरायची, हेही ठरलं होतं. एवढं सगळं नीट योजणाऱ्या माणसाला एक शब्द नीट योजता येऊ नये याचं त्यांना हसू यायला हवं होतं. रुपाच्या बोलण्याचं यायला लागलंही होतं. पण मग त्यांना धुरपता आठवली आणि ते हसू आलं तिथंच विरलं. मले बी भेटन ना. मले बी.

संध्याकाळी वर्ध्याच्या एसटीत खिडकीशी बसून ते त्या ‘बी’लाच धरून बसले होते. धुरपताचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, ती दिराच्या घरी राहते, एवढं त्यांना माहीत होतं. म्हणजे एवढ्या वर्षांत तिची ओटी कुणी भरली नसणार. हळदीकुंकवाला बोलावलं नसणार, आणि बोलावलं तर चहा करायला. आणि आता भोंगा सांगतो, सर्व महिला कामगारांना. सुवासिनींना नाही, सर्वांना. आणि ही बाई मन घट्ट करून विचारायला येते की मीही त्यात धरलेली आहे ना, नंतर कुणी काढून तर घेणार नाही ना. आणि आपण म्हणतो, राखाडी. बस सेलूकाट्याजवळ थांबली, माणसं चढली, रूपरावांच्या मांडीवर कुणीतरी पालकाच्या जुड्या ठेवल्या, त्यांना कळलं नाही. त्यांच्या नाकात खळीचा वास आला होता. बहिणीच्या लग्नात आई खणांची चळत घेऊन बसली होती. कडक खळीचे नवे खण, ती एकेकाची त्रिकोणी घडी घालायची, घडीवर तळहात फिरवायची आणि बाजूला ठेवायची. कुणाला कोणता, हे तिच्या डोक्यात पक्कं होतं, मामीला जांभळा, धाकट्या काकूला तिच्या आवडत्या चिंतामणी रंगाचा. वडील जाऊन तेव्हा दोन पावसाळे झाले असतील. घड्या संपल्या तेव्हा आईनं रिकाम्या झालेल्या हातांकडे पाहिलं, नुसतं पाहिलं, आणि ते पदराला पुसून ती भाताकडे बघायला उठली. रूपराव तेव्हा कॉलेजात होते. आईला वाईट वाटलं का, हे त्यांना तेव्हाही कळलं नव्हतं आणि आताही सांगता आलं नसतं. पण ते दोन हात त्यांच्या मनातून मात्र कधी पुसले गेले नाहीत. उतरायचा पिपरी मेघेचा थांबा मागं गेला आणि त्यांना पुढच्या थांब्यावरून चालत यावं लागलं.

सुमित्राबाईंनी सगळं ऐकून आधी पोटभर हसून घेतलं. त्यांना नवऱ्याच्या मराठीचा अनुभव जास्त होता. “तरी मी म्हनतो, त्या शब्दाईच्या मागं एवढं लागू नोका,” त्या म्हणाल्या. “आता सांगून टाका, लोखंडाचा डब्बा हाय मून.” रूपराव घरात वऱ्हाडीतच बोलत, शुद्ध मराठी ते बूट काढतात तशी दाराशी काढून ठेवत. “बाकीच्याईले सांगीन वं. थे हासतीन अन् सोडून देतीन. पन धुरपताले कसं सांगू?” सुमित्राबाईंचं हसू कमी झालं. त्या भाकरी थापत राहिल्या. रूपरावांनी जरा वेळानं, दुसरीकडे पाहत, म्हटलं, “मी का म्हनतो, तिले एक खण घेऊनच देला तं?” “तुमी?” “का झालं?” “तुमी कोन खण देनारे? तिचा भाऊ हा का? गिरनीभर बोभाटा होईन, अन् त्या बिचारीचं घरी का होईन ते पाहा.” हे खरंच होतं. परक्या पुरुषानं बाईला खण देणं म्हणजे काय, हे रूपरावांना शब्दकोशात बघावं लागत नव्हतं. “मंग तू दे.” “मले ओयखते का ते? अन् देला तं दया करून देल्यासारखा नाई होत का?” सुमित्राबाईंनी भाकरी तव्यावर टाकली आणि पाठीमागं न बघता म्हणाल्या, “सांगाचं तं तिले पयले सांगा. समद्याईच्या समोर नोका सांगू.” या बाईशी आपलं लग्न झालं हे बरंच झालं, असं रूपरावांना वर्षातून काही वेळा वाटे; तसं ते त्या दिवशी वाटलं.

पण धुरपताला आधी सांगणं जमलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच वर्ध्याहून लॉकर बनवणारा कुंदन मोटारसायकलवर नमुन्याचं दार बांधून हजर झाला, आणि त्याला घेऊन मॅनेजरसाहेबांसमोर बसावं लागलं. कुंदन उत्साही माणूस. त्यानं दार टेबलावर आडवं ठेवून कुलूप फिरवून दाखवलं: आतच बसवलेलं, प्रत्येकीला एक किल्ली, आणि शिवाय एक मास्टर चाबी, जिनं कोणतंही दार उघडतं. मास्टर चाबीचं नाव ऐकून मॅनेजरसाहेब खूश झाले. ती स्टोअरमध्ये ठेवायची, रूपरावांच्या ताब्यात, म्हणजे अधूनमधून उघडून बघता येईल कुणी सुताच्या लड्या बिड्या ठेवल्यात का. रूपराव मान हलवणार होते. नोकरीत त्यांनी मॅनेजरांसमोर बहुतेक मानच हलवली होती. पण कानात धुरपताचा आवाज आला, दुसऱ्या कोणाचा हात तं नाई लागन ना त्याले, आणि आपण काय कबूल करून बसलो आहोत ते त्यांच्या ध्यानात आलं. खण कापडाचा नव्हता. कापडाचा तिला आपण देऊ शकत नव्हतो. निदान दिलेल्या शब्दातला एवढा तरी तुकडा खरा करावा. “साहेब,” ते म्हणाले, “मास्टर चाबी नको.” मॅनेजरांनी चष्म्यावरून पाहिलं. रूपरावांना कारण सुचेना. बायकांचं मन, विश्वास, असले शब्द त्यांच्या तोंडाशी आले आणि ते शब्द मॅनेजरांच्या टेबलावर ठेवायचे नसतात हे त्यांना समजलं. “चाबी माझ्यापाशी राहिली तर किल्ली हरवलेली प्रत्येक बाई माझ्या दारात येईल. मला दुसरं काम उरणार नाही. साधा कडी-कोयंडा लावू. ज्याचं त्याचं कुलूप, ज्याची त्याची किल्ली.” मॅनेजर म्हणाले, आत काय ठेवतात ते कसं कळणार? “नाही कळणार,” रूपराव म्हणाले. मॅनेजरांनी दार उलटंपालटं करून पाहिलं, विचार करतो म्हणाले. कुंदन बाहेर आल्यावर म्हणाला, “काका, तुमी तं साहेबाले नाई म्हनून देलं ना जी.” रूपरावांनाही तेच वाटत होतं.

एवढ्यात जेवणाची सुट्टी झाली आणि जयवंताबाई समोरून आल्या. जयवंताबाई म्हणजे बायकांची मुकादम. बांधा भक्कम, आवाज त्याहून. त्यांच्या हातात खरोखरच मापं उतरवलेला कागद होता. आता थांबणं शक्य नव्हतं. रूपराव त्यांच्यामागून खोलीत गेले. बायका गोलात बसून डबे उघडत होत्या, एकीचं भरीत दुसरीच्या भाकरीवर जात होतं, आणि धुरपता नेहमीसारखी दाराजवळ, गोलाच्या जरा बाहेर. रूपरावांनी घसा साफ केला. “काल जे भोंग्यावरून सांगितलं, त्यात माझी जरा...” इथं त्यांची शुद्ध मराठी संपली. “तो खण चोळीचा नाई. लोखंडाचा हाय. कपाटाचा खण रायते ना, तसा. लॉकर.” मग जयवंताबाईंनी कागद उभा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला, आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, “मंग या लॉकरले बाही अर्धी ठेवाची का पुरी?” खोली हसण्यानं भरून गेली. रुपानं तोंडात पदर कोंबला, कुणाला ठसका लागला, कुणी तिच्या पाठीवर मारलं आणि मारता मारता स्वतःच वाकली. रूपराव उभे राहून ते सगळं अंगावर घेत होते आणि त्यांना, खरं सांगायचं तर, बरंही वाटत होतं. पण त्यांचं लक्ष दाराजवळ होतं. धुरपता हसत नव्हती. तिनं भाकरीचा तुकडा खाली ठेवला आणि हसणं ओसरल्यावर विचारलं, “मंग कुलूप आपलं लावाचं का गिरनीचं?” तिच्या आवाजात काही नव्हतं. बाईनं किती झटकन स्वतःला सावरलं, असं रूपरावांना वाटलं. “तुमचं,” ते म्हणाले. “तुमचंच लागन. मी पाहतो.”

त्यानंतर रूपराव मॅनेजरांच्या मागं लागले ते अगदी हट्टी पोरासारखे. एकदा ते म्हणाले की आतल्या कुलपांत कापूस जाऊन ती अडकतील, आणि हे इतकं खरं निघण्यासारखं होतं की आपल्याला आधी का सुचलं नाही याचं त्यांना नवल वाटलं. शेवटी मॅनेजर कंटाळून म्हणाले, लावा तुमची कडी, पण पुढं काही झालं तर जबाबदारी तुमची. गिरणीत त्यांचं नाव आता खणवाले साहेब पडलं होतं. कवडू मुद्दाम आदबीनं विचारायचा, साहेब, आज भोंग्यावरून काई वाचाचं हाय का? संक्रांत आली. जयवंताबाईंनी खोलीतच हळदीकुंकू केलं, सगळ्या बायका चांगल्या साड्या न बदलता अर्धा तास बसल्या. रूपराव ओलाव्याचं निमित्त करून दारावरून गेले आणि त्यांना दिसलं की धुरपता चहाचे पेले विसळते आहे. ती तिळगूळ घेऊन बाहेर आली आणि त्यांच्या हातावर ठेवत म्हणाली, “घ्या साहेब. गोड बोलजा.” त्यांना वाटलं, आता बोलावं. माफ करा म्हणावं, किंवा निदान आईचं सांगावं. पण ज्या बाईनं आपलं दुःख झाकून घेतलं आहे तिच्या अंगावरचं पांघरूण आपण कशाला ओढायचं, असं वाटून ते तिळगूळ खात स्टोअरमध्ये परतले. पुष्कळ वेळ त्यांच्या दातात तीळ अडकत राहिला आणि कामात लक्ष लागलं नाही.

लॉकर आले ते संक्रांतीनंतर. कुंदननं आणि त्याच्या माणसांनी दिवसभर ड्रिलचा आवाज केला, उत्तरेच्या भिंतीत बोल्ट ठोकले, आणि दुपार उतरताना राखाडी दारांची लांब रांग चमकायला लागली. रूपरावांनी प्रत्येक दार उघडून मिटून पाहिलं, प्रत्येक कोयंडा हलवून पाहिला. पाळी सुटल्यावर बायका आल्या त्या जत्रेत शिरल्यासारख्या. कोण कुणाशेजारी यावरून आधी भांडणं झाली; वडनेरवाल्यांना वडनेरवाल्यांजवळच हवं होतं. मग ज्या त्या खणात ज्याची त्याची वस्तू जायला लागली. डबा, कंगवा, चपला. रुपानं तर आत आरसा अडकवला आणि त्यात बघून स्वतःलाच हसली. पिशव्या निघाल्या तशी ती जुनी लाकडी पट्टी उघडी पडत गेली आणि रूपरावांना उगाच तिची दया आली. एकेक करून बायका ऑटोकडे पळाल्या. धुरपता मागं राहिली होती. तिच्या वाट्याला खालचा, कोपऱ्यातला खण आला होता. नव्हे, तिनंच तो मागून घेतला होता. तिनं दार उघडलं, आतून हात फिरवला, आणि रूपराव उभे आहेत हे पाहूनही न थांबता पिशवीतून प्लॅस्टिकची एक पुडी काढली. पुडीत कापड होतं. त्रिकोणी घडी, घडीच्या कडांवर रंग उडून पांढुरका झालेला, पण मधे अजून हिरवागार, न शिवलेला चोळीचा खण.

“यायनं आनलता,” ती म्हणाली. “वडनेरच्या बजारातून. शिवाचा राहून गेला, अन् मंग हेच गेले.” “दिराच्या घरी ठेवाव तं कुठं ठेवाव. कधी पिठाच्या डब्याखाली, कधी गोधडीत. कोनाले दिसला तं म्हनतीन, इले कायले पाह्यजे हिरवा खण. एकडाव तं जावंच्या पोरीनं बाहुलीसाठी काहाडलता, कैची घेऊन बसली होती.” तिनं पुडी आत ठेवली, जरा सरकवली, सरळ केली. “पण मी तर...” रूपराव म्हणाले, “मी तं समजलो का तुमालेबी वाटलं, चोळीचाच...” धुरपतानं पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं, आणि ती हसली, त्या दिवशी राहिलेलं सगळं हसू हसली. “मले कायले वाटन साहेब? तुमी भिंत मोजून राह्यले होते ना. कापडासाठी भिंत कोन मोजते?” मग तिनं हसणं थांबवलं. पदराची गाठ सोडून एक छोटं पितळी कुलूप काढलं, नवंकोरं, आणि ते तळहातावर धरून ती म्हणाली, “खण तं माह्यापाशी होता साहेब. ठेवाले जागा नोती.”

धुरपतानं दार लावलं, कुलूप घातलं, आणि लागलं की नाही ते ओढून पाहिलं.